चिंधीचा हिशेब

जबलपुराहून नागपूरकडे जाणारा जुना हमरस्ता जेथे नर्मदा ओलांडतो तो तिलवारा घाट इतिहासाच्या दप्तरात दोन कारणांनी नोंदला गेला आहे. मार्च १९३९ मध्ये याच परिसरात त्रिपुरी काँग्रेस भरली. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस ज्वराने इतके क्षीण झाले होते की त्यांचे भाषण त्यांचे बंधू शरच्चंद्र यांनी वाचून दाखविले, आणि गांधीजी त्या वेळी राजकोटच्या प्रश्नात गुंतलेले असल्यामुळे अधिवेशनास आलेच नाहीत. पुढे १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थींचा एक अंश येथेच नर्मदेत विसर्जित झाला, आणि त्याचे स्मारक आजही घाटावर उभे आहे. त्रिपुरीच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले. परंतु तेथे जमलेल्या लोकांच्या अंगावरील कापडाविषयी कोणी विचार केल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि मला तो आज करावासा वाटतो. १९३४ च्या घटनेप्रमाणे काँग्रेसच्या निवडणुकीच्या पदांसाठी नित्य खादी वापरणे ही अट होती, त्यामुळे त्रिपुरीचा तो सगळा प्रतिनिधिवर्ग हातसुताच्या वस्त्रांत वावरत होता. आणि ज्यांना खादी परवडत नव्हती वा रुचत नव्हती अशा आसपासच्या खेडुतांचे कपडेही बहुतांशी कापसाचेच होते. ते सर्व कापड विरले, फाटले, त्याच्या चिंध्या झाल्या, चिंध्यांची माती झाली, आणि आज त्याचा मागमूस या भूमीवर उरलेला नाही. उलट गेल्या मकरसंक्रांतीला याच घाटाच्या जत्रेत जी वस्त्रे लोकांनी नेसली, जी मृतांच्या नावाने काठावर सोडली आणि ज्या चुनऱ्या श्रद्धेने नदीला वाहिल्या, त्यांतील पुष्कळशी आपल्या नातवंडांच्या हयातीतही नाहीशी होणार नाहीत, कारण ती खनिज तेलापासून झालेली आहेत.

याच शहराशी आणखी एक घटना निगडित आहे, जिचे स्मरण जबलपूरकरांनाही फारसे नसते. बेचाळीसच्या लढ्यात कारावास भोगणाऱ्या जे. सी. कुमारप्पा यांनी जबलपूरच्या मध्यवर्ती कारागृहात शाश्वत अर्थव्यवस्थेवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, आणि त्याला गांधीजींनी प्रस्तावना दिली. तंजावरात जन्मलेला, हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतलेला हा गृहस्थ १९३४ पासून वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा कारभार पाहत होता, आणि हिशेबतपासनिसाची दृष्टी त्याने सृष्टीच्या जमाखर्चाला लावली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, मनुष्य दोन प्रकारच्या धनावर जगतो: कोळसा, तेल, धातू यांसारख्या साठ्यावर, जो उपसला की कमी होतो, आणि पीक, वन, पशू, ऊन, पाणी यांच्या प्रवाहावर, जो नीट राखला तर वर्षानुवर्षे वाहत राहतो. साठ्यावर उभारलेले अर्थकारण आज ना उद्या हाणामारीला आणि ऱ्हासाला पोहोचते. प्रवाहावर उभारलेले टिकू शकते. आज युरोप-अमेरिकेत ज्या चक्राकार अर्थव्यवस्थेच्या परिषदा भरतात, तिचा गाभा ऐंशी वर्षांपूर्वी एका कैद्याने जबलपूरच्या तुरुंगात मांडला होता, ही गोष्ट अभिमानाची खरीच; परंतु अभिमानापेक्षा ती अधिक उपयोगाची आहे, कारण वस्त्रोद्योगाच्या आजच्या दुखण्याचे निदान करण्यास कुमारप्पांची ती दोन खाती पुरेशी पडतात.

२०२३ साली जगात सुमारे १२ कोटी ४० लक्ष टन तंतू निर्माण झाला आणि त्यांत एकट्या पॉलिएस्टरचा वाटा निम्म्याहून अधिक होता. म्हणजे मानवजातीच्या अंगावरील वस्त्र हे प्रवाहाच्या खात्यातून निघून साठ्याच्या खात्यात जाऊन पडले आहे. याउपर दुःखाची गोष्ट अशी की साठ्यातून काढलेले हे धन पुन्हा वापरात येत नाही: वापरून झालेल्या कपड्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी कापडाचे पुन्हा कापड होते. बाकीचे जाळले जाते, पुरले जाते, अथवा एखाद्या गरीब देशाच्या किनाऱ्यावर जाऊन पडते. जबलपुरात कठौंदा येथे २०१६ पासून कचऱ्यापासून वीज करण्याचा कारखाना आहे. जो कपडा कचऱ्यात गेला, त्याची शेवटची गती बहुधा तीच. वीज मिळते हे कबूल. पण तंतू पिकविण्यात वा घडविण्यात, सूत काढण्यात, विणण्यात, रंगविण्यात आणि शिवण्यात जे श्रम, जे पाणी आणि जी ऊर्जा ओतली गेली, तिचा एक क्षुद्र अंश उष्णतेच्या रूपाने वसूल करून घेणे याला वस्त्राचा पुनर्वापर म्हणता येणार नाही.

हे स्थित्यंतर आपल्याकडे केव्हा घडले याची तारीख शोधू लागलो तर नजर एकाच वर्षावर स्थिरावते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला, जो औपचारिकरीत्या कधी संपलाच नाही. आणि त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात पाताळगंगेच्या काठी रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती वऱ्हाड-नागपुराचा कापूस पिकतो तेथेच कातला जावा या हिशेबाने. शंभर वर्षांनी महाराष्ट्राच्या वस्त्रोद्योगाचा गुरुत्वमध्य कापसाच्या शेतातून तेलशुद्धीकरणाच्या नळकांड्यांकडे सरकला. नंतर १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम तंतूला सरकारी राजमान्यता दिली आणि त्यावरील करांचा भार हलका केला. मी येथे कोणाला दोषी ठरवीत नाही. ज्या देशात दरडोई कापड अपुरे होते त्या देशाला स्वस्त आणि टिकाऊ कापड हवे होते, आणि टेरिलीनची साडी पावसाळ्यात एका रात्रीत वाळते, तिला इस्त्री लागत नाही, तिचा रंग जात नाही, हे ज्या बाईला पहाटे पाचला उठून कामावर जायचे असते तिच्या दृष्टीने लहान सुख नव्हे. खादीच्या नावाने या सुखाची हेटाळणी करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मला ते नेहमीच निष्ठुर वाटले आहेत.

मग विघ्न कोठे आले? माझ्या मते ते पॉलिएस्टरच्या आगमनात नाही, तर कापूस आणि पॉलिएस्टर एकाच धाग्यात पिळले गेले तेथे आहे. शुद्ध कापसाची चिंधी पिंजून पुन्हा सूत करता येते. तंतू आखूड होतो, म्हणून त्यात थोडा नवा कापूस घालावा लागतो, पण काम भागते, आणि सूत नाही तर कागद तरी होतो. शुद्ध पॉलिएस्टर वितळवून अथवा रासायनिक क्रियेने फोडून पुन्हा तंतू करणे हेही अशक्य नाही. परंतु पासष्ट टक्के पॉलिएस्टर आणि पस्तीस टक्के कापूस असे कापड, त्यात ताणासाठी घातलेला इलास्टेन, शिवणीला निराळ्याच जातीचा दोरा, कॉलरीत चिकटवलेले अस्तर, छातीवर रबरी छपाई आणि बाहीला धातूची टिकली, हे सर्व एकत्र आले म्हणजे कोणत्याही यंत्राला, कोणत्याही रसायनाला आणि कोणत्याही मजुराच्या बोटांना ते परवडणाऱ्या खर्चात विलग करता येत नाही. शुद्ध जल आणि शुद्ध तेल ही दोन्ही कामाची असतात, पण त्यांचे एकदा घुसळलेले मिश्रण ना दिव्याला चालते ना तहानेला. वस्त्राच्या अंताचा निर्णय कचराकुंडीपाशी होत नसून तो सूतगिरणीत आणि शिलाई कारखान्याच्या नमुना-खोलीत होऊन गेलेला असतो, ही या लेखातील मुख्य गोष्ट आहे, आणि कपडे गोळा करण्याच्या पेट्या चौकाचौकांत ठेवून आपण कर्तव्य केले असे मानणाऱ्या नगरपालिकांनी आणि व्यापारी मंडळींनी ती नीट ध्यानात घ्यावी.

याच संदर्भात एका भ्रमाचाही निरास करावा लागतो. पुनर्निर्मित पॉलिएस्टर म्हणून जे कापड मोठ्या दुकानांत गौरवाने विकले जाते ते जवळजवळ सर्वच्या सर्व पाण्याच्या बाटल्यांपासून झालेले असते, जुन्या कपड्यांपासून नव्हे. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. बाटलीचा सदरा केला की पुढचा मार्ग व्यवहारात खुंटला. म्हणजे जे एक चक्र कसेबसे फिरत होते त्यातला माल काढून न फिरणाऱ्या चक्रात टाकला, आणि ग्राहकाला पुण्याचा दाखला दिला. शिवाय असा सदरा धुताना त्यातून जे सूक्ष्म तंतू सुटतात ते नाल्यावाटे नदीत जातात. नव्या पॉलिएस्टरचे जातात तसेच याचेही. नर्मदेला या तीरापासून त्या तीरापर्यंत साड्या जोडून चुनरी वाहणाऱ्या भाविकांना मी नम्रपणे एवढेच विचारीन की, जी नदी आपण माता म्हणून पुजतो तिच्या अंगावर घालायचे वस्त्र तिला पचेल असे नको काय? कापसाची चुनरी वाहावी, आणि विधी झाल्यावर ती काढून घेऊन प्रसाद म्हणून वाटावी. यात श्रद्धेला कोठेही बाध येत नाही.

आता आपल्या जुन्या गृहव्यवस्थेकडे वळू. मराठी घरांत, मग ते घर पुण्यातील असो की जबलपुरातील, नऊवारी लुगड्याचा एक ठरलेला जीवनक्रम असे. आधी ते सणावारी, नंतर रोजच्या वापरात. काठ टिकून मधले अंग विरले म्हणजे दंड घालून पुन्हा नेसायचे. मग त्यातून परकर-पोलकी, बाळाची दुपटी आणि बाळुती, गोधडीचे थर, अंथरुणाचे पटकर, स्वयंपाकघरातील फडके, शेवटी पोतेरे, आणि अगदी शेवटी चुलीला लावायचा काकडा. जरीचा पदर निराळा काढून चांदीच्या भावाने विकला जाई. ज्या कपड्याला घरात काम उरले नाही तो बोहारणीच्या टोपलीत जाई आणि बदल्यात पितळेचे, पुढे ॲल्युमिनियमचे आणि नंतर स्टीलचे भांडे येई; गुजरातेतून आलेल्या देवीपूजक समाजाच्या या स्त्रिया तो कपडा धुऊन, रफू करून, बटण लावून पुन्हा विकत, आणि दिल्लीच्या रघुबीर नगरात त्यांचा बाजार आजही भल्या पहाटे भरतो. ज्या चिंधीला अंगावर घालण्याचे कामच उरले नव्हते तिचा कागद होई. दौलताबादेजवळील कागजीपुरा आणि जुन्नर ही हातकागदाची नामांकित स्थळे. चिंध्या, जुने दोर, गोणपाट कुटून केलेल्या अशा कागदावर मराठी दौलतीचा हिशेब लिहिला गेला. पुण्यातील हातकागद संस्थेनेही, जी १९४० मध्ये सुरू झाली, शिंप्यांकडील सुती कात्रणांपासूनच कागद केला. ते चक्र होते, पूर्ण होते, आणि ते कोणत्याही सरकारी फर्मानाशिवाय फिरत होते.

परंतु या चित्राकडे केवळ गहिवरून पाहणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. ते चक्र कोणाच्या श्रमांवर फिरत होते? दंड घालणारी, गोधडी शिवणारी, बाळुती उकळणारी स्त्री होती आणि तिच्या श्रमाची किंमत कोणत्याही खात्यात जमा नव्हती. त्याहून कठोर गोष्ट अशी की जुन्या वस्त्राचा ओघ गावाच्या उतरंडीवरून खाली वाहत असे: सवर्णांच्या अंगावरून उतरलेले कापड बलुतेदाराच्या अंगावर, आणि प्रेतावरील वस्त्र हे तर महार समाजाचा परंपरागत ‘हक्क’ म्हणून गणले जाई. डॉ. आंबेडकरांनी १९२७ च्या अखेरीस महाडच्या परिषदेत स्त्रियांना आपल्या पेहरावातून हीनतेच्या खुणा काढून टाकण्याचा उपदेश केला, आणि त्या सभेतील स्त्रियांनी तो लगेच अमलात आणला. ज्यांच्या पूर्वजांना दुसऱ्याचे उतरलेले वस्त्र धर्म म्हणून नेसावे लागले, त्यांचा नातू आज पहिल्या पगारातून नवा कोरा सदरा घेतो तेव्हा त्याला काटकसरीचे प्रवचन देण्याचा अधिकार कोणालाही नाही. जुने चक्र दारिद्र्य, जात आणि स्त्रीचे मूक कष्ट या तीन आऱ्यांवर तोललेले होते. ते मोडले याचे मला दुःख नाही. दुःख याचे आहे की त्याच्या जागी न्यायाच्या आणि मजुरीच्या आऱ्यांवर तोललेले दुसरे चक्र आपण बसविले नाही, आणि मोकळी जागा कचऱ्याने भरून काढली.

पानिपतात याची आधुनिक आवृत्ती पाहावयास मिळते. जगभरातून कांडल्याच्या बंदरात उतरलेले जुने लोकरी आणि ॲक्रिलिकचे कपडे तेथे येतात, बटणे व चेन काढून, रंगवार निवडून, फाडून, पिंजून त्यांचे सूत होते, आणि त्या सुताची घोंगडी आपत्तीच्या प्रसंगी मदत म्हणून जगभर जातात. हे कौशल्य असामान्य आहे. रंगावरून आणि स्पर्शावरून तंतू ओळखणाऱ्या त्या बायांची बोटे कोणत्याही प्रयोगशाळेइतकी शिकलेली आहेत. पण धुळीने भरलेल्या त्या गोदामांत त्यांना जी मजुरी मिळते ती पाहता, श्रीमंत देशांच्या चक्राकारतेचा खर्च आपल्या देशातील सर्वांत गरीब स्त्रीच्या फुप्फुसांतून वसूल होत आहे असेच म्हणावे लागते.

येथे खादीचे काम पाहणाऱ्या चरखा संघाच्या इतिहासातील एक प्रकरण मार्गदर्शक ठरते. १९३५ मध्ये संघाने ठरविले की कातणारीला बाजारभावाने नव्हे तर तिचा निर्वाह चालेल अशा दराने मजुरी द्यावयाची. खादी महाग होणार, खप घटणार, हे सर्वांना दिसत होते, आणि कार्यकर्त्यांनी तशी कुरकुरही केली. तरी गांधीजी आग्रहावर ठाम राहिले, कारण जी वस्तू कातणारीला उपाशी ठेवून स्वस्त होते ती स्वस्त नसून तिची किंमत दुसऱ्याने भरलेली असते. कुमारप्पांचाही सर्व रोख हाच होता की विकत घेणारा मनुष्य वस्तूच्या पाठीमागच्या अन्यायाचाही भागीदार असतो. खुद्द खादीच्या संस्थांनी पुढे पॉलिएस्टरमिश्रित ‘पॉलिवस्त्र’ विकावयास घेतले, आणि ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन राष्ट्रध्वजही यंत्रावरील पॉलिएस्टरचा करण्यास मुभा मिळाली. घरोघरी ध्वज लागावा ही इच्छा स्तुत्य आहे. पण जो ध्वज सूत कातणाऱ्या हातांचे प्रतीक म्हणून जन्मास आला तो पावसाळ्यानंतर न कुजणारा कचरा व्हावा, याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि ही मुभा परत घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

कापूस निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली त्यालाही आता दोन तपे होत आली. कीटकनाशकांची फवारणी त्यामुळे कायमची संपली नाही, आणि २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले ही घटना विसरण्याजोगी नव्हे. सौंसर-पांढुर्ण्याच्या सीमाभागातील मराठी शेतकऱ्याची स्थिती विदर्भातल्याहून फारशी वेगळी नाही. इचलकरंजीच्या रंगकामाने पंचगंगेचे काय केले हे त्या काठच्या लोकांना विचारावे. प्रवाहाचे धनही उधळेपणाने वापरले तर साठ्यासारखेच आटते, म्हणून कापसाकडे परतणे याचा अर्थ आजच्या इतकेच कपडे कापसाचे करणे असा नाही. कमी कपडे, अधिक काळ टिकणारे, एका जातीच्या तंतूचे आणि दुरुस्त होऊ शकणारे: याखेरीज दुसरा हिशेब जुळत नाही.

हा हिशेब ग्राहकाच्या सदसद्विवेकावर सोपविला तर तो कधीही जुळणार नाही. दुकानात उभ्या असलेल्या मनुष्याला शिवणीतला दोरा कोणत्या जातीचा आहे हे कळत नाही आणि कळावे अशी अपेक्षाही नाही. जबाबदारी ज्याने कापड घडविले त्याची. फ्रान्सने २००७ पासूनच कपडे विकणाऱ्यांवर त्यांच्या अंतिम विल्हेवाटीचा खर्च बसविला आहे. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना न खपलेले कपडे नष्ट करण्यास मनाई करण्याची तरतूद केली. आपल्याकडे प्लास्टिकच्या वेष्टणाबाबत २०२२ मध्ये उत्पादकावर अशी जबाबदारी टाकली गेली आहे. मग जे पॉलिएस्टर प्लास्टिकच आहे, ते वेष्टण असले तर जबाबदारी आणि वस्त्र असले तर माफी, या भेदाला कोणता तर्क आहे? शुल्क सरसकट नसावे. एकाच तंतूच्या कापडाला अल्प, मिश्र कापडाला जबर, आणि वसूल झालेल्या रकमेतून निवडणाऱ्या, उसवणाऱ्या, रफू करणाऱ्या हातांना निर्वाहवेतन, अशी तजवीज असावी. बोहारणीला परवाना, विमा आणि बसावयास जागा मिळावी. ती महापालिकेची कृपा म्हणून नव्हे, शहराची सेवा करणारी म्हणून.

जबलपुराला याचा आरंभ करण्यास परक्या मुलखाची वाट पाहण्याचे कारण नाही. सलवार-सूट शिवण्याबद्दल हे शहर मध्य भारतात प्रसिद्ध आहे, आणि लेमा गार्डनच्या रेडीमेड वस्त्रसंकुलात व गोहलपुराच्या गल्ल्यांत कात्रीखाली पडणारी कात्रणे, जी या धंद्यात साधारणपणे कापडाच्या दहा ते पंधरा टक्के धरतात, अद्याप कोणाच्या अंगाला लागलेली नसतात, मळलेली नसतात, आणि त्यांची जात कापणाऱ्याला ठाऊक असते. कापतानाच सुती आणि कृत्रिम अशी दोन पोती निराळी ठेवली तर निम्मे काम तेथेच झाले. दुसरा आणि मोठा मार्ग सरकारी खरेदीचा. मध्य प्रदेशात शाळकरी मुलांचे गणवेश शिवण्याचे काम स्त्रियांच्या बचतगटांकडे दिले गेले, ही योजना तत्त्वतः उत्तम आहे. तिच्या निविदेत एवढेच कलम वाढवावे की कापड एकाच तंतूचे, शिवण त्याच तंतूच्या दोऱ्याची, बटण काढता येण्याजोगे, आणि वर्षाअखेर आखूड झालेला गणवेश ज्या गटाने शिवला त्याच गटाने ठरावीक दराने परत घ्यावा. शुद्ध सुती कापड थोडे महाग पडेल, ते लवकर चुरगळेल, आणि पावसाळ्यात वाळण्यास दोन दिवस घेईल. म्हणून प्रत्येक मुलाला दोनऐवजी तीन गणवेश द्यावे लागतील. तिसऱ्या गणवेशाचा खर्च शिक्षणखात्याने सोसावा की वर सांगितलेल्या शुल्कातून भरून काढावा, हा प्रश्न अर्थखात्याच्या टेबलावर न्यावा लागेल. माझे मत शुल्काच्या बाजूने आहे, कारण मिश्र कापड विकून ज्याने नफा घेतला त्यानेच हा तिसरा गणवेश देणे न्यायाला धरून होईल.